बॉयलरच्या पाण्यातलं कासव

आमच्याकडे आलेला माणूस आधी पाण्याचं कौतुक करायचा. दारातून आत पाऊल टाकलं की समोर काचेची मोठी टाकी दिसे, आणि पाहुणा चपला काढता काढताच म्हणे, "वा, काय स्वच्छ पाणी आहे हो." मग आमचे हे पुढे होत. फिल्टर कुठला, पाणी कुठलं, ते किती वेळा तपासतात, सगळं सांगत. पाहुणा मान डोलवे. आत एक कासव आहे, ते कसं आहे, नीट खातं का, हे मात्र कुणी विचारत नसे. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि भांडी जरा जास्तच जोरात ठेवत असे.

कासव माझं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मधली दोनेक वर्षं आमच्या घरात सगळेच ते विसरले होते.

तेव्हा आम्ही एकलहऱ्याच्या वसाहतीत राहायचो. हे वीज केंद्राच्या पाण्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आणि मी जवळच्या गावातल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. आमचं क्वार्टर तळमजल्याला होतं, मागे लहानसं अंगण आणि त्यात एक पेरू. शेजारच्या क्वार्टरमधल्या लोकांची बदली झाली. त्यांचं सामान ट्रकमध्ये चढत असताना मला व्हरांड्यात एक प्लॅस्टिकची बरणी दिसली, आणि बरणीत हे. बशीएवढं, हिरवट पाठीचं, डोळ्यांमागे लाल पट्टे असलेलं. मुलांनी हट्ट करून दुकानातून आणलं होतं, आणि मुलांची हौस फिटली होती. "जाताना गंगेत सोडून देऊ," त्यांची आई म्हणाली. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि नको झालेल्या प्रत्येक वस्तूवर गंगा हा आमचा ठरलेला उपाय आहे. निर्माल्य गंगेत, तडा गेलेले फोटो गंगेत, कंटाळा आलेलं कासव गंगेत, वर पुण्य मिळतं ते वेगळंच. हे विलायती जातीचं कासव, नदीत सोडलं तर तिथल्या कासवांच्या तोंडचा घास पळवतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी फक्त राग आला. मी बरणी उचलली आणि घरात आणली.

मी काही त्याचे लाड केले नाहीत. कपडे भिजवायचा जुना टब अंगणात मांडला. त्यात विटांचा उतार केला, म्हणजे वाटेल तेव्हा पाण्यातून वर येऊन कोरडं बसता यावं. सकाळचं ऊन टबावर थेट पडे आणि दुपारी पेरूची सावली येई. पाणी घाण झालं की पेरूला ओतायचं आणि नवीन भरायचं. खायला दुकानातले दाणे थोडे, बाकी मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला, अंगणातली गांडुळं, कधी भिजवलेली सुकट. पोपट पाळणारे लोक पिंजऱ्यात चोच घासायला समुद्रफेसाचा पांढरा तुकडा टांगतात, तो पंचवटीतल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. कुठल्याशा समुद्री जीवाचं ते हाड, निव्वळ चुना. कासवाच्या पाठीलाही चुनाच लागत असणार असं समजून मी एक तुकडा टबात टाकला. कासव तो कुरतडून कुरतडून संपवायचं. पाठ अशी घट्ट होती की वाजवली तर लाकडासारखी वाजे.

आणि उन्हाळा आला की ते अंडी घालायचं. पहिल्यांदा मी चाट पडले. काही दिवस टबातून बाहेर यायला सारखी धडपड करत होतं, म्हणून अंगणात मोकळं सोडलं. ते तडक पेरूच्या बुंध्याशी गेलं, मागच्या पायांनी खड्डा उकरला, त्यात लांबट पांढरी अंडी घातली, माती लोटली आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात परत टबाकडे निघालं. बरोबर नर नाही, तरी अंडी. मला त्याचं नवल फार वेळ वाटलं नाही. माझी आई गावाकडे कोंबड्या पाळायची. कोंबडी कुठे कोंबड्याची वाट बघत बसते? पिल्लं निघत नाहीत एवढंच. पुढे दर उन्हाळ्यात हे होत गेलं आणि दर उन्हाळ्यात मी ते ह्यांना सांगितलं. हे पेपरच्या मागून "हं" म्हणत.

ह्यांच्याविषयी एक गोष्ट मान्य करायला हवी. ह्यांनी नोकरी मनापासून केली. बॉयलरच्या पाण्यात क्षाराचा कणही चालत नाही. क्षार राहिले तर नळ्यांच्या आतून पांढरा थर धरतो, त्याला हे लोक स्केल म्हणतात. थर जाड झाला की नळी तापते, फुटते आणि वीजनिर्मितीचा अख्खा संच बंद पडतो. तो थर धरू द्यायचा नाही, आणि धरलाच तर आम्लाने धुऊन काढायचा, हे ह्यांचं उभं आयुष्य. त्यांच्या पाण्यावर लोकांच्या घरात दिवे लागत होते, आणि त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. पण लॅब काही संध्याकाळी लॅबमध्येच राहत नसे. चहाच्या पातेल्यातला पांढुरका थर बघून हे माझ्याकडे अशा नजरेने बघत की संच मीच बंद पाडला आहे. अंगणातल्या टबाला तर ते "तुझं गटार" म्हणत. इतक्या वर्षांत त्यांनी त्या टबात बोट घातलं नाही.

मग हे निवृत्त झाले आणि आम्ही जेल रोडला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, अंगण नाही, पेरू नाही. निवृत्त झालेला पुरुष घरात काय काय करतो हे ज्या बायकांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पहिल्या महिन्यात माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लागले. दुसऱ्या महिन्यात ह्यांची नजर बाल्कनीतल्या टबावर गेली.

"हे असं नको ठेवायला," ते म्हणाले. "नीट शास्त्रीय पद्धतीने करू."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. इतकी वर्षं वाढवलं मी, तेव्हा ते गटारातलं कासव होतं. ह्यांनी हात लावला आणि त्याचा प्रकल्प झाला. काचेची टाकी आली, फिल्टर आला, पाण्यातले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर आला. टाकी हॉलच्या मोठ्या खिडकीशी मांडली, "म्हणजे ऊन मिळेल." खिडकीची काच मात्र कायम बंद, कारण रस्त्याची धूळ पाण्यात बसते. बोअरचं पाणी बाद, नळाचं बाद, टाकीत पिण्याचं पाणी शुद्ध करायच्या मशीनमधलं पाणी. माझ्या विटा गेल्या, कारण त्यांना शेवाळ धरतं. त्याऐवजी गुळगुळीत काचेची एक फळी आली, जिच्यावरून कासव घसरून पडायचं. पाला बंद, कारण पाला कुजतो. नुसते दाणे. आणि एक दिवस समुद्रफेस गेला.

"तो का काढला?" मी विचारलं.

"अगं, त्याने पाण्यात चुना उतरतो, हार्डनेस वाढतो. मीटर बघ, कुठे गेला होता."

"त्याला चुना लागतो."

"दाण्यांत सगळं असतं. पाकिटावर लिहिलंय."

पाकिटावर लिहिलंय म्हटल्यावर बायकोने काय बोलायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी चोरून पाला टाकायचे, तो संध्याकाळी जाळीने काढला जायचा. पुढचा उन्हाळा आला आणि अंड्यांविना गेला. मी ह्यांना ते बोलून दाखवलं. "बरंच झालं की," हे म्हणाले, "पाणी स्वच्छ राहिलं."

त्याच सुमारास पहिल्या मजल्यावरच्या बाई कासव बघायला आल्या. निफाडकडच्या, घरची द्राक्षबाग, मुलगा शहरात नोकरीला म्हणून इथे. मनाने मोकळ्या. टाकीसमोर हात जोडून म्हणाल्या, "मॅडम, लय गुणाचं हाय हो ते. उत्तरेला तोंड करून ठिवा, घरात लक्षुमी येते. मी हळदकुंकू वाहू का?" आम्ही बौद्ध, आमच्याकडे वास्तू आणि दिशा चालत नाहीत, आणि शिवाय पाण्यात हळद कशाला, असं मी त्यांना हसून सांगितलं. हे तर नंतर कितीतरी वेळ बोलत राहिले, की बघ, लोक अजून कशावर विश्वास ठेवतात. मी टाकीकडे बघत होते. कासव काचेच्या फळीवर चढू बघत होतं आणि घसरत होतं. मनात आलं, त्या बाई निदान हात जोडून परत तरी गेल्या.

लिंबाची गोष्ट मला अजून थंडपणे सांगता येत नाही. कासवाच्या पाठीवरचे पापुद्रे अधूनमधून सुटतात, साप कात टाकतो त्यातलाच प्रकार. सुटायच्या आधी ते पांढुरके दिसतात. टबात असताना मी ते कधी हाताने काढले नाहीत, आपले आपण गळायचे. पण ह्यांना पांढुरका थर दिसला. इतकी वर्षं ज्याच्याशी वैर धरलं तो थर, तो आता कासवाच्या पाठीवर. मी विहारातल्या एका कार्यक्रमाला गेले होते. परत येऊन बघते तर हे बेसिनपाशी उभे, डाव्या हातात कासव, उजव्या हातात दात घासायचा जुना ब्रश, आणि कट्ट्यावर पिळलेल्या लिंबाच्या फोडी.

"हे काय चाललंय?"

"स्केल धरलंय. सौम्य आम्लाने निघतं."

"ती नळी आहे का? जिवंत आहे ते."

"लिंबूच आहे गं. आपण नाही का खात?"

मी कासव त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं. पाठीच्या उजव्या बाजूला मोठा डाग पडला होता, रंग उडालेला, खरखरीत. ते डोकं आत ओढून बसलं होतं आणि बराच वेळ बाहेर आलंच नाही. त्या दिवशी मी जे बोलले ते तिसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असणार. शिकवायच्या काळात वर्ग गप्प करायला मला आवाज चढवावा लागत नसे. तो साठून राहिलेला सगळा आवाज त्या संध्याकाळी बाहेर आला. हे म्हणाले, "इतकं काय त्यात," आणि टाकीचा फिल्टर धुवायला घेतला.

हिवाळा सरला आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कासव बिघडलं. खाणं कमी झालं, मग थांबलं. दिवसभर टाकीच्या एका कोपऱ्यात मागच्या पायांनी काच खरवडत राही. तो आवाज घरभर यायचा. मध्येच थकून तरंगत पडायचं आणि पुन्हा सुरू. मी त्याला बाहेर काढलं आणि पाठीची कड बोटाने दाबून पाहिली. कड दबत होती. लाकडासारखी वाजणारी पाठ होती ती.

"ते अंड्यांवर आलंय," मी ह्यांना म्हणाले. "त्याला माती पाहिजे आहे. आणि पाठ मऊ झालीय, बघा."

"अंड्यांवर कसं येईल? नर नाही आपल्याकडे."

"मी दरवर्षी सांगायचे ना? एकलहऱ्याला पेरूखाली घालायचं. कोंबडी नाही का घालत, तसंच."

"तू काहीतरी दगड बघितले असशील," हे म्हणाले.

दगड. इतकी वर्षं मुलांना शिकवलेली बाई मी, मला अंडं आणि दगड यातला फरक कळत नाही. खालच्या बाई जिन्यात भेटल्या, त्यांना सांगितलं तर त्यांनीही ठरलेलं उत्तर दिलं. "मंग गंगेत सोडा मॅडम. तिथं बरं होईल ते." मला कुणाचाही सल्ला नको झाला होता. दुसऱ्या दिवशी मी कासव ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळलं, बादलीत ठेवलं आणि रिक्षा बोलावली. हे मागोमाग खाली आले आणि शेजारी बसले.

नाशकात कुत्र्यामांजरांचे डॉक्टर पुष्कळ आहेत, कासवाला हात लावणारे थोडे. गंगापूर रोडकडे एक मुलगी आहे, तरुण डॉक्टर, पक्षीही बघते. तिने कासवाचे डोळे पाहिले, पाठ दाबली, डागावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ऊन देता का?"

"भरपूर," हे म्हणाले. "खिडकीतच टाकी आहे."

"खिडकी उघडी असते?"

"नाही, बंद. पण काचेतून येतं ना."

"काचेतून ऊब येते काका, उजेड येतो. पाठ घट्ट करणारे जे किरण असतात ते काचेत अडतात. म्हणजे ह्याला ऊन मिळालेलंच नाही." मग तिने चुन्याचं विचारलं, पाल्याचं विचारलं, आणि फोटो काढायला आत नेलं.

एक्स-रेची फिल्म तिने उजेडावर धरली. कासवाच्या आत अंडी होती. मला ती लगेच दिसली, पण पुसट, फडक्यावर राहिलेल्या चहाच्या डागासारखी. "ही ठळक पांढरी दिसायला हवीत," डॉक्टर म्हणाली. "अंड्याला कवच करायला चुना लागतो. तो हिला कुठून मिळत नाहीये. म्हणून ही स्वतःच्या पाठीतून काढून अंड्यांना देतेय. पाठ त्यामुळे मऊ झाली. आणि अंडी बाहेर टाकायची ताकदही त्यामुळेच उरली नाही."

मी खुर्चीवर बसले. मला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला. स्वतःच्या पाठीतून काढून देतेय, आणि बाहेर लोक पाण्याला वा म्हणतायत.

"पण नर नसताना अंडी?" ह्यांनी विचारलं.

"हो, होतात. कोंबडीचं नाही का? तसंच."

"अच्छा, अच्छा," हे म्हणाले आणि मान डोलावली.

अच्छा. पिकतं तिथं विकत नाही, ते असं. हेच शब्द, हीच कोंबडी, मी सांगितली तेव्हा दगड होते. तिने सांगितली तेव्हा अच्छा. डॉक्टर पुढे सांगत होती. चुन्याची इंजेक्शनं घेऊ. रोज सकाळी उघड्यावर थेट ऊन, पण सावलीची सोय ठेवून, नाहीतर नाशिकच्या उन्हात ते भाजून निघेल. ओली वाळू द्या उकरायला. समुद्रफेस परत टाका. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा त्या किरणांचा खास दिवा लावा. डागाला हे औषध. आणि अंडी आपली आपण आली नाहीत तर शस्त्रक्रिया करावी लागेल. "या तब्येतीत ती कितपत झेपेल ते मी सांगू शकत नाही," ती म्हणाली. रिक्षात मी बादली मांडीवर धरून बसले होते. आत एकदाच नखांचा आवाज झाला.

"मी सांगितलं तेव्हा हं," मी म्हणाले. "तिने सांगितलं तेव्हा अच्छा."

ह्यांनी बादलीतला टॉवेल सारखा केला.

ऊन हवं म्हणजे गच्ची हवी. आमच्या सोसायटीची गच्ची कुलपात असते आणि उन्हाळ्यात तिच्यावर कुरडया, पापड आणि सांडग्यांचं राज्य असतं. किल्ली मिळाली. मी जुना टब वर नेला, वाळूची पाटी नेली, दोन खांबांना चादर बांधून सावली केली. तासाभरात खालच्या बाई वर आल्या. टबाकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"मॅडम, आमच्या कुरडया वाळत हायेत. ते पाण्यातलं जनावर. इथं नाय चालायचं."

"तुम्ही तर हळदकुंकू वाहणार होतात त्याला."

"ते घरात, टाकीत असताना. हे खायचं हाय ना मॅडम."

म्हणजे देव म्हणून चालत होतं, शेजारी म्हणून नाही. माझ्या तोंडावर आलं होतं पुष्कळ. पण खरवडणारे ते पाय डोळ्यांसमोर होते आणि सकाळ निघून चालली होती. मी त्यांना म्हणाले, तुमच्या कुरडयांवर कबुतरं बसतात, त्यांची घाण पडते, ती तुम्ही पुसून घेता, हे मला माहीत आहे. मी रोज सकाळी इथे बसते. कासव त्या टोकाला राहील, मी हात साबणाने धुऊन बसेन आणि तुमची कुरडई एकही कबुतर शिवणार नाही. त्यांनी विचार केला. "उन्हात बसायला लागंल मॅडम," म्हणाल्या. मी म्हटलं, बसते.

दोन सकाळी मी बसले. तिसऱ्या सकाळी मला चक्कर आल्यासारखं झालं, तर हे वर आले, माझ्या हातातली कबुतरं हाकायची काठी घेतली आणि म्हणाले, "तू जा खाली." वीज केंद्रातले निवृत्त केमिस्ट डोक्याला पंचा बांधून कुरडयांची राखण करायला बसले. त्याबद्दल मला त्यांची दया आली नाही, हे खरं सांगते. बसू देत म्हटलं. गच्चीवर येणारेजाणारे विचारत, "काय साहेब, आज ड्यूटी इथं का?" आणि हे नुसते मान हलवत.

इंजेक्शनं चालू होती. काही दिवस काहीच होत नव्हतं. कासव वाळूत जाई, थोडं उकरी, थांबून पडून राही. डॉक्टरने शस्त्रक्रियेचा दिवस जवळ आल्याचं सांगितलं होतं. मी घरात कामं करत होते, पण हातातलं काम कुठे असे आणि कान जिन्याकडे असत.

एका सकाळी हे गच्चीवरून खाली आले. धावत नाही, अगदी सावकाश, भिंतीला हात धरत. मी पोळी तव्यावर तशीच टाकून दाराशी गेले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला काही कळेना.

"घातली," ते म्हणाले. "सगळी. मी मोजली नाहीत, पण पोट मोकळं झालंय त्याचं." मग जरा थांबून, दबक्या आवाजात, जणू गुपित सांगतायत अशा सुरात म्हणाले, "अगं, ते मागच्या पायांनी खड्डा करतं. एक पाय वाळू काढतो, मग दुसरा. तुला माहीत आहे का?"

मला माहीत आहे का! मी उंबऱ्यात उभी होते आणि घरभर पोळी जळल्याचा वास सुटला होता.

"मी दरवर्षी सांगत होते तुम्हाला," मी म्हणाले.

"कधी?"

"तुम्ही पेपर वाचत होतात तेव्हा."

आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला. खालच्या बाईंनी त्या संध्याकाळी तळलेल्या कुरडयांचं ताट पाठवलं, राखणीचं म्हणून. मी ती सगळी एकटीने खाल्ली.

कासव सावरत गेलं. पाठ पुन्हा घट्ट व्हायला बरेच महिने लागले. टाकी अजून हॉलमध्येच आहे, पण तिच्यात आता माझ्या विटा आहेत, वर डॉक्टरने सांगितलेला दिवा आहे, समुद्रफेस आहे, आणि पाणी पाण्यासारखं दिसतं. पाल्याचे तुकडे तरंगत असतात. पाहुणे आता वा म्हणत नाहीत. ते पाठीवरच्या डागाबद्दल विचारतात, कारण तो दिव्याखाली चांगलाच दिसतो. डॉक्टर म्हणाली, तो पूर्ण जायचा नाही. सुरुवातीला हे उत्तर देत, "आधीपासून आहे." मी स्वयंपाकघरातून ऐकत असे. आधीपासून! म्हणजे माझ्या टबातला, असंच ना? पुन्हा भांडी वाजायला लागली.

मागच्या महिन्यात ह्यांच्या हाताखाली काम केलेले एक गृहस्थ आले, आता तेच ती लॅब बघतात. "जयभीम साहेब" म्हणून आत आले आणि सवयीने टाकीसमोर वाकले. मी चहा घेऊन बाहेर येत होते.

"साहेब, पाणी गढूळ वाटतंय. हार्डनेस बघितला का?"

"बघितला. वाढलाय. असू दे."

गृहस्थ चमकले. ह्यांच्या तोंडून असं वाक्य त्यांनी उभ्या नोकरीत ऐकलं नसणार. मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "आणि हे पाठीवर काय? स्केल धरलंय का?"

आता ते "आधीपासून आहे" येणार, म्हणून मी ट्रे घेऊन तिथेच थांबले.

"नाही," हे म्हणाले. "स्केल समजून मी लिंबाने घासलं. ते स्केल नव्हतं, त्याची पाठ होती."

गृहस्थ हसले. त्यांना वाटलं साहेब गंमत करतायत. हे हसले नाहीत, तेव्हा ते हसायचे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

"कासव हिचं आहे," हे म्हणाले. "ही सांगत होती. मला वाटायचं, पाण्यातलं मला जास्त कळतं."

इतके दिवस मी या वाक्यासाठी उत्तर तयार करून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक आणि तिखट. ते ओठांवर आलंही. पण समोर ज्या माणसाने ह्यांना आयुष्यभर साहेब म्हटलं तो माणूस उभा होता, आणि हे त्याच्या देखत बोलून टाकीकडे तोंड करून उभे होते. मी चहा ठेवला आणि मुळ्याचा पाला आणायला आत गेले. परत आले तेव्हा ह्यांनी पाण्यासमोरची जागा सोडून मला वाट दिली.